पट्टा मिळाला, आता ताटात काय?



मृग तोंडावर आला. राब भाजून झाले, घरं शाकारून झाली, बियाणं उन्हात टाकून परत कणगीत गेलं. या अंकात आतल्या पानांवर दाव्यांची माहिती आणि मोर्चाची तयारी हे नेहमीप्रमाणे आहेच. संपादकीयासाठी मात्र या वेळी आम्ही दारातली वाडी हा विषय घेतला आहे. काही साथी म्हणाले, जमिनीच्या लढ्याच्या पत्रकात दुधी-काकडी कशाला? कशाला ते सांगतो.

१९९२ साली जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला शंभराच्या वर पोरं गेली. आपल्यातल्या तरुणांना ते नुसतं ऐकून माहीत आहे, पण म्हाताऱ्यांना विचारा. मंत्री आले, पेपरवाले आले, रस्ते झाले, योजना निघाल्या. २०१६ ला मोखाड्यात परत तेच नाव, कुपोषण. दर वेळी साहेब लोक सांगतात की आदिवासी अडाणी आहे, त्याला आहार कळत नाही. आम्हाला हे मान्य नाही. ज्या माणसाला पन्नास-साठ रानभाज्या ओळखता येतात, कडूकंदाचं विष राखेनं आणि वाहत्या पाण्यानं कसं काढायचं ते ज्याची आजी जाणते, त्याला आहार कळत नाही असं कोण म्हणेल? आहार कळतो. ज्या जमिनीतून आणि जंगलातून तो आहार यायचा ती जमीन आणि ते जंगल हातातून गेलं, हे खरं दुखणं आहे. १९४५ मध्ये आपल्या वारली आजोबांनी वेठीविरुद्ध लढा केला. तो लढा मजुरीचा होता, तसाच पोटाचाही होता. पाऊस पडला की आधी शेठच्या शेतात राबायचं, आणि आपली लावणी उरल्या वेळात. मग खायला खावटी काढायची, ती दीडपटीनं फेडायची. पोट आणि जमीन ह्या दोन गोष्टी आपल्याकडे कधी वेगळ्या नव्हत्याच.

आता आजचं बघा. अन्न सुरक्षा कायद्यानं माणशी ५ किलो धान्य मिळतं, अंत्योदयाच्या घराला ३५ किलो. हा आपला हक्क आहे, तो एक किलोनंही कमी घ्यायचा नाही. पण त्यात असतं काय? तांदूळ आणि गहू. भात शिजतो, वर पातळ कालवण नाहीतर मीठ-मिरची, आणि झालं जेवण. पोट फुगतं, अंगात ताकद येत नाही. वरई-नागलीची जागा कमी झाली, कारण ती ज्या माळावर पिकायची तिथे आता कुंपण आहे. नागलीत शंभर ग्रॅममागे ३०० मिलीग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, पांढऱ्या तांदळात दहाच्या आसपास. हाडं कशानं होतात ते यावरून समजा. नागलीला गरिबाचं धान्य म्हणून हिणवलं, म्हणून आपणही पाहुणा आला की भाकर लपवायला लागलो. आता तीच नागली शहरात पाकिटात घालून दुप्पट-तिप्पट भावानं विकतात.

आणि दुसरं ते पाच रुपयांचं पाकीट. पाड्यावर पाण्याचा नळ नाय, पण पाकिटाची माळ लटकवलेलं दुकान आहे. आम्ही साधा हिशोब केला. घरात तीन पोरं, प्रत्येकाला रोज दोन पाकिटं, म्हणजे दिवसाला ३० रुपये, महिन्याला ९०० रुपये. त्यात मिळालं तेल, मीठ आणि मैदा. ज्या घरात महिन्याला ९०० रुपयांची डाळ आणि अंडी येत नाहीत त्या घरातून ९०० रुपये कंपनीला जातात. पोर पाकीट खाऊन बसलं की भाकर नको म्हणतं, आई दमून आलेली असते, तीही मागे लागत नाही. आईला दोष देणं सोपं आहे, म्हणून आम्ही देत नाही. बोईसरला कंपनीत ठेकेदाराकडे बारा-बारा तास उभी राहून, जीपमध्ये लटकून जी बाई अंधारात घरी येते, तिला भाजी निवडत बसा असं सांगणाऱ्यानं आधी स्वतः बारा तास उभं राहून बघावं.

म्हणून वाडीचा विचार आम्ही पूर्ण घराचा म्हणून मांडतो, बाईचं आणखी एक काम म्हणून नाही. कुंपण आणि मांडव पुरुषांनी घालायचा. पाणी पोरांनी घालायचं. वनहक्क कायद्याच्या कलम ४ मध्ये लिहिलं आहे की पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावावर निघतो. नाव दोघांचं, तर कुदळही दोघांच्या हातात पाहिजे. आणि जेवायला बाई शेवटी बसते ही रीत मोडा. पोटुशी बाई आणि अंगावर पाजणारी बाई पहिली जेवली पाहिजे. मागे तळाला राहिलेलं कालवण तिला, हे बरोबर नाय. २०१५ पासून आदिवासी भागात अंगणवाडीत अमृत आहार योजनेतून पोटुशा आणि पाजणाऱ्या बायांना एक वेळचं पूर्ण जेवण द्यायचं ठरलेलं आहे, लहान पोरांना अंडी किंवा केळी. ते मिळतं का, किती दिवस मिळतं, हे ग्रामसभेत मोठ्यानं विचारा.

आता वाडी. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते की मोठ्या माणसाला दिवसाला निदान ३०० ग्रॅम भाजी लागते, त्यात पालेभाजीही आली. पाच माणसांच्या घराला दीड किलो झाली. महिन्याला ४५ किलो. एवढी भाजी मनोरच्या नाहीतर बोईसरच्या बाजारातून कोणी आणू शकत नाही, आम्ही तरी अशी एक झोपडी बघितली नाही. पण घराभोवती दोन गुंठे जागा असेल तर पावसाळ्यात आणि हिवाळ्याच्या अर्ध्यापर्यंत बरीचशी भाजी घरची होते. दोन गुंठे नसतील, नुसतं छप्पर आणि अंगण असेल, तरी वेल वर चढतो. वेलाला सातबारा लागत नाही.

पहिली गोष्ट कुंपण. लोक बी आधी आणतात आणि कुंपण मागाहून बघू म्हणतात. मग शेजाऱ्याची शेळी बघते. कोंबड्यांचं तर सांगायलाच नको, पेरलेलं बी अर्ध्या दिवसात उकरून मोकळं. करवंदीच्या, बोरीच्या काट्या लावा, जमलं तर कडेनं निर्गुडी आणि शेर लावा, दोन वर्षांत जिवंत कुंपण उभं राहतं. ढोरं निर्गुडीला तोंड लावत नाहीत.

दुसरी गोष्ट पाण्याचा निचरा. आपल्याकडे दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. सपाटीला बी टाकलं तर कुजणारच. म्हणून वेलांसाठी मातीचे उंच ढीग करा, आत शेण, लेंडी, चुलीची राख, कुजलेला पाला भरा. पालेभाजीचे वाफे एक वीत उंच ठेवा, मधून पाणी काढून द्या. मुरमाड जमीन असेल तर पहिल्या वर्षी निराश होऊ नका, पाला-शेण घालत राहिलं की तिसऱ्या वर्षी माती काळी होते.

मांडवावर दुधी, शिराळी, घोसाळी, कारली. छपरावर डांगर आणि पावटा. कुंपणावर चवळी आणि अबई. कंटोळीचा कंद जंगलातून आणून कुंपणाला लावता येतो, मात्र त्यात नर आणि मादी वेल वेगळे असतात. नुसते मादीचे वेल लावले तर फुलं येतील, फळ धरणार नाही. आठ-दहा मादी वेलांना एक नर वेल पाहिजे. फूल येईल तेव्हा बघून खूण करून ठेवा, मागे बारीक कंटोळीसारखी गाठ दिसली ती मादी. वाफ्यात माठ, अंबाडी, भेंडी, वांगी, मिरची. माठ एकदम सगळा टाकू नका. पंधरा-पंधरा दिवसांनी मूठमूठ टाका, म्हणजे एका वेळी ढीग आणि मग महिनाभर काही नाही असं होत नाही. महिन्याच्या आत तो कापायला येतो.

शेवग्याची मनगटाएवढी जाड फांदी पावसाच्या आधी कापून रोवा, लागते. फक्त घराला चिकटून लावू नका, त्याचं लाकूड ठिसूळ, वाऱ्यात छपरावर येतं. शेवग्याच्या शेंगा विकायला नेतो आणि पाला शेळीला टाकतो हा आपला उलटा कारभार आहे. शेंगेपेक्षा पाल्यात ताकद जास्त. पाला निवडून कांद्यावर परतायचा, थोडं तेल पाहिजेच, कारण डोळ्याला लागणारं अ जीवनसत्त्व तेलाशिवाय अंगात नीट जात नाही. खुरासणीचं तेल मिळालं तर फारच छान. पालेभाजीवर लिंबू पिळा, नाहीतर आवळा, कैरी काहीतरी आंबट घ्या, लोह अंगी लागतं. आणि जेवल्या जेवल्या काळा चहा ढोसू नका, तो लोह अडवतो. चहा तासा-दोन तासांनी घ्या.

मोरीचं पाणी कुठे जातं ते बघा. बहुतेक घरी ते अंगणात डबकं करतं आणि त्यात डास. तेच पाणी एका चरातून केळी, आळू आणि पपईला लावा. साबणाचं पाणी जास्त असेल तर फक्त केळीला. हातपंपाखालचं सांडलेलं पाणी तर सगळ्या पाड्याचं, तिथे पाड्यानं मिळून केळी लावाव्यात आणि पहिला लोंगर अंगणवाडीला द्यावा.

ज्या घराचं बिऱ्हाड दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातं, भिवंडीला, वसईला, त्यांनी काय करायचं? हा प्रश्न आम्हाला पाड्यापाड्यावर विचारला गेला, आणि तो खरा आहे. शहरातल्या पुस्तकात वाडी बारा महिने माणूस घरी आहे असं धरून लिहिलेली असते. आपलं अर्धं गाव होळीला परत येतं. त्यांच्यासाठी कंद. सुरण, करांदे, कोनफळ. आता वैशाख-ज्येष्ठात लावायचे, पावसात वेल वाढतो, थंडीत पानं गळतात, कंद जमिनीत तसाच राहतो. जायच्या आधी थोडे काढून नेता येतात, उरलेले होळीला परत आल्यावर घरी खायला असतात, जेव्हा कणगी रिकामी असते. उंदीर-डुकराला राखायला मागे राहिलेली म्हातारी माणसं आहेतच. भट्टीवर जाताना कागदात बांधून माठाचं, मेथीचं, चवळीचं बी न्या. खोपटाच्या मागे हातभर जागेत मेथी महिन्यात येते. भट्टीवर पोरं सहा-सहा महिने बटाटा-भात खातात आणि परत येतात तेव्हा अंगणवाडीच्या काट्यावर वजन उतरलेलं असतं, हे आपण दर वर्षी बघतो.

जे घरी राहतात त्यांनी भात कापल्यावर ओलीवर वाल टाकायला विसरू नये. डाळ बाजारातून येते म्हणून आपण डाळ खात नाही, आणि वाल मात्र विकून टाकतो. घरच्यापुरता ठेवा. पोराच्या वाढीला भातासोबत वाल, तूर, उडीद, कुळीथ काहीतरी रोज पाहिजे. सुकट, बोंबील, चिंबोरी, वलगणीचे मासे हे तर आपलं चांगलंच खाणं, त्याला कोणी नावं ठेवू नयेत.

बियाणं. पंचायतीतून किंवा कुठल्या तरी योजनेतून पाकिटं येतात, फुकट आहेत, घ्या. पण ती येतात आषाढ संपल्यावर, आणि त्या बियाचं बी परत पेरलं तर पहिल्यासारखं फळ येत नाही. पुढच्या वर्षी परत हात पसरा. आपल्या आज्या सुकलेल्या दुधीच्या तुंब्यात राख घालून बी ठेवायच्या, चुलीवर धुरात टांगून. अहिल्यानगर (आधीचा अहमदनगर) जिल्ह्यात अकोले तालुक्यात कोंभाळणे गाव आहे, तिथल्या राहीबाई पोपेरे ह्या महादेव कोळी समाजाच्या. शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी घरात गावठी बियाणं जमवलं, वाल, भात, वेलभाज्या, आणि बायांना वाटलं. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आम्हाला पद्मश्रीचं कौतुक कमी आणि त्या कामाचं जास्त. असं बी आपल्याही पाड्यांवर एखाद्या म्हातारीकडे मडक्यात पडलेलं आहे. ती म्हातारी गेली की ते बीही जाईल.

आता बोईसर-तारापूरच्या बाजूच्या गावांसाठी वेगळं लिहितो, नीट वाचा आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा. तारापूर एमआयडीसीत हजाराच्या वर कारखाने आहेत, रसायनाचे, औषधाचे, रंगाचे, लोखंडाचे. २०१८ सालच्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मोजणीत तारापूरला ९३.६९ गुण मिळाले, म्हणजे प्रदूषणात देशातल्या सगळ्या औद्योगिक पट्ट्यांत पहिला नंबर. अशा ठिकाणी नाल्याचं पाणी भाजीला घालणं म्हणजे विष पोरांच्या ताटात वाढणं. पाणी स्वच्छ दिसलं, वास आला नाही, तरी घालू नका. धातू पाण्यात दिसत नाहीत, आणि पालेभाजी ते सगळ्यात जास्त ओढून घेते. पावसाच्या पाण्यावर येणारे वेल आणि फळभाज्या त्यातल्या त्यात बऱ्या. विहिरीच्या पाण्याचा रंग बदलला असेल तर ग्रामपंचायतीकडून तपासणीची लेखी मागणी करा आणि अर्जाची पोच घ्या.

दुसरं, ते निळे ड्रम आणि पांढरे कॅन. भंगारवाल्याकडे स्वस्तात मिळतात, बोईसरपासून विक्रमगडपर्यंत घराघरात पाण्याला वापरतात. आत काय होतं ते कोणालाच माहीत नसतं. दहा वेळा धुतलं तरी प्लॅस्टिक रसायन शोषून बसलेलं असतं. त्यात पिण्याचं पाणी नको, धान्य नको, बियाणं नको, आणि कापून त्यात भाजीही लावू नका. एकवेळ फुटकं मडकं चालेल.

काही लोकांना वाटेल की आता संघटनाही सरकारसारखी परसबाग शिकवायला लागली. इथे आम्हाला स्पष्ट बोलायचं आहे. मोठे साहेब हल्ली कार्यक्रमात येतात, किट वाटतात, फोटो काढतात, आणि त्याच वेळी आपल्या दाव्यावर शेरा मारतात "अपात्र". दोन एकराचा दावा आणि दहा गुंठ्याचा पट्टा असे कागद आपल्यातल्या कितीतरी घरात आहेत. सूर्या धरणाला आपली जमीन गेली, पाणी वसई-विरारला चाललं, आणि आपल्याला सांगतात की मोरीच्या पाण्यावर भाजी करा. दारातली वाडी ही जमिनीच्या बदल्यात घ्यायची वस्तू नाही. दोन गुंठ्यात भाजी होते, भात होत नाही. नागली, वरई, तूर त्यात मावत नाही. किट देऊन कोणी दावा मागे घ्यायला सांगत असेल तर किट घ्या आणि दावा चालू ठेवा.

आणि आपली सगळ्यात मोठी वाडी जंगल आहे, तिला कुंपण आपण घातलेलं नाही. आता आठ-पंधरा दिवसांत शेवळं निघतील, काकडाच्या फळांबरोबर शिजवायची, नाहीतर घसा खाजेल. मग कोली, टाकळा, कुर्डू, भारंगी, लोत, मग वास्ते. कोली भाजी देवाला दाखवल्याशिवाय कोणी खात नाही, ही आपली जुनी रीत किती शहाणपणाची आहे बघा, भाजी वाढायला वेळ मिळतो. पण हल्ली व्यापारी टेम्पो घेऊन येतो आणि शेवळं कांद्यासकट उपटली जातात. कांदा जमिनीत राहू द्या. बांबूच्या एका बेटातले सगळे कोंब काढू नका. गार्डनं भाजीची टोपली अडवली तर त्याला सांगा की वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(ग) प्रमाणे गौण वनउपज गोळा करायचा, वापरायचा आणि विकायचा हक्क आमचा आहे. त्या कायद्यात गौण वनउपज म्हणजे काय तेही लिहिलं आहे, बांबू, मध, मेण, औषधी झाडपाला, कंद-मुळं सगळं. ज्या गावांनी अजून सामूहिक दावा भरला नाही त्यांनी तो आधी भरावा. दाव्यात आपण कुठल्या डोंगरावर कुठली भाजी, कुठला कंद आणतो ते म्हाताऱ्या बायांना विचारून लिहा. वयस्कर माणसांचा जबाब कायद्यात पुरावा म्हणून धरला आहे.

वाडीतल्या झाडांबद्दल एक गैरसमज फिरतो आहे. आता शेवगा, आंबा लावला की पट्टा पक्का होतो असं कोणीतरी सांगत सुटलं आहे. तसं नाही. ताबा १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा दाखवावा लागतो. आज लावलेलं रोप तो पुरावा होत नाही. पण जुनं घर, जुने बांध, सपाट केलेली जमीन, विहीर हे पुराव्यात धरतात, म्हणून त्यांचा पंचनामा ग्रामसभेकडून करून घ्या. जुना आंबा, जुना फणस असेल तर त्याचीही नोंद त्यात घाला. दावा नाकारला किंवा क्षेत्र कमी केलं तर कळल्यापासून ६० दिवसांत वरच्या समितीकडे अपील करता येतं. तोंडी "नाकारला" असं सांगितलं तर मानू नका, लेखी मागा.

या महिन्याच्या पाडा बैठकीला प्रत्येक घरानं एक मूठ गावठी बी घेऊन यावं, कुठलंही चालेल, वाल, काकडी, अंबाडी, डांगर. कागदात बांधून वर नाव लिहा, किंवा खूण करा. ज्यांच्याकडे नाही त्यांनी रिकाम्या हातानं या, जाताना घेऊन जा, आणि दिवाळीला दोन मुठी परत करा. व्याज एवढंच.